पाइपचं दुसरं टोक

बाजीरावांचा मदतनीस दिवाळीला गावी गेला तो परत आलाच नाही, म्हणून त्यांची बायको वैशाली दोन दिवसांपुरती कळंबोलीच्या गाळ्यावर उभी राहिली. त्या दोन दिवसांची सोळा वर्षं झाली. खिडक्यांच्या ग्रिल, सोसायट्यांची गेटं, जिन्यांचे कठडे असं काम. बाजीराव कापायचे, जोडायचे. वैशाली वीस फुटी पाइपचं दुसरं टोक धरून उभी राहायची. कटरचा आवाज थांबला की बोलणं सुरू. सईला कुठल्या कॉलेजात घालायचं, जुईनगरचा फ्लॅट घ्यायचा की नाही, धाकट्या दिरांशी धरलेला अबोला किती दिवस धरायचा, हे सगळं त्या पाइपच्या दोन टोकांना उभं राहून ठरलेलं. घरी येईपर्यंत दोघंही इतके थकलेले असत की जेवायचं आणि झोपायचं.

गेल्या जानेवारीत रबाळ्याला छोट्या कारखानदारांसाठी एक दिवसाचं शिबिर झालं. शिकवायला राजलक्ष्मी नावाच्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "काम किती झालं ते मोजू नका. गाळ्यात कोण किती वेळ नुसतं उभं असतं, ते आठवडाभर लिहा." बाजीराव हे जेवणाच्या सुट्टीपर्यंत विसरले. वैशालीने सोमवारपासून वही सुरू केली.

शनिवारी तिने बेरीज केली. चुकली असेल म्हणून पुन्हा केली.

"अहो, आपल्या गाळ्यात सगळ्यात जास्त रिकामी मी असते. रोज पावणेचार तास."

"रिकामी कुठे? टोक सोडलंस तर पाइप पडेल."

"पण टोक धरायला माणूस कशाला हवा?"

तिनेच वहीच्या मागच्या पानावर चित्र काढलं. पाइपचं टोक टेकवायला लोखंडी घोडी, वर-खाली करता येणारी, माथ्यावर फिरता रोलर. शिवाय टेबलावर ठरावीक अंतरावर खुंट्या, म्हणजे गेटच्या सळ्या कुणी धरून ठेवायला नकोत. बाजीरावांनी दोन रविवार खपून ते बनवलं. पहिल्याच आठवड्यात दोन दिवसांचं गेट एका दिवसात उतरलं, तेही एकट्या माणसाच्या हातून. "डोकं आहे हो तुला," बाजीराव म्हणाले. सोळा वर्षांत एवढं कौतुक त्यांनी पहिल्यांदाच केलं होतं, त्यामुळे ती दिवसभर खुशीत होती.

पुढच्या शिबिरात राजलक्ष्मीबाईंनी तिला बोलायला उभं केलं. ती धीटपणे बोलली. शेवटी कुणीतरी विचारलं, "ताई, मग आता तुम्ही काय करता?"

"आराम," वैशाली म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आराम खरंच होता. खांदा दुखायचा थांबला. सकाळी साडेआठला स्कूटर खाली सुरू झाल्याचा आवाज यायचा आणि मग दिवसभर फ्लॅटमध्ये कुणाचाच नाही. सई पुण्याला नोकरीत. तिचा फोन रविवारी. शेजारच्या बायकांचे भिशीचे, फिरायला जायचे गट कधीचे जमलेले होते. त्यांनी बोलावलंही, पण त्यांच्या गप्पांना मागची दहा वर्षं ठाऊक असावी लागत.

एक दिवस ती डबा घेऊन गाळ्यावर गेली. बाजीरावांच्या कानात इयरफोन होते. मान हलवत, काहीतरी गुणगुणत ते सळ्या जोडत होते. ती पाच मिनिटं दारात उभी होती. त्यांना पत्ता नव्हता. दिसली तसे चपापले.

"अगं, एवढ्या उन्हात कशाला आलीस?"

त्यांनी फडक्याने स्टूल पुसून तिच्यापुढे सरकवलं. गिऱ्हाइकाला द्यायचे तसं. ती बसली, डबा उघडून दिला, आणि हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना.

त्या संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "आपण हल्ली बोलतच नाही."

"बोलतो की."

"काय बोललो आज?"

बाजीरावांनी खरंच आठवून पाहिलं. मग म्हणाले, "ये तू परत गाळ्यावर."

"येऊन काय करू?"

यावरही त्यांनी विचार केला. तिच्यासाठी खोटं काम काढणारा तो माणूस नव्हता, आणि काढलेलं तिने ओळखलं असतं. शेवटी म्हणाले, "मग मी पाचला बंद करतो. वेळ वाचतोयच ना."

दुसऱ्या दिवशी ते सहाच्या आत घरी आले. तिने पोहे केले. दोघं समोरासमोर बसले. इतकं समोर, इतकं जवळ, रिकाम्या हातांनी ते कधी बसलेच नव्हते.

"काय मग?" बाजीराव म्हणाले.

"काही नाही. तुमचं?"

"चाललंय."

पोहे चांगले झाल्याचं त्यांनी दोनदा सांगितलं. मग टीव्ही लावला. त्यानंतरचे तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी मात्र दिरांच्या मुलाच्या लग्नावरून पाऊण तास छान वादावादी झाली, आणि वैशालीला हुरूप आला. सोमवारी काय काय बोलायचं ते तिने भांडी घासताना मनात जुळवूनही ठेवलं.

सोमवारी साडेपाचला बाजीरावांचा फोन आला. रबाळ्याच्या एका कारखान्याला पंधरा दिवसांत चाळीस शिड्या हव्या होत्या.

"एवढं मोठं काम आपल्याला कधी मिळालं नव्हतं. तुझ्या त्या घोडीमुळे जमणार बघ," बाजीराव मोठ्याने म्हणाले. मागे रोलर घरघरत होता. "पंधरा दिवस उशीर होईल. तू जेवून घेत जा."

"हो," ती म्हणाली. "चांगलं झालं."

रात्री तिने त्यांचं ताट झाकून ठेवलं, आपलं वाढून घेतलं आणि पंखा एक नंबरवर करून जेवायला बसली.