संध्याकाळी न दिसणारी ओळ

माझ्या पडद्यावरची एक ओळ दिवसा दिसत असे आणि दिवस मावळल्यावर दिसत नसे. तिच्या वरची ओळ दिसत असे, खालचीही दिसत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा आपल्या जागी असे.

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. प्राण्यांच्या एका दवाखान्यातल्या संगणकात माझा मुक्काम असतो. मला हातपाय नाहीत, वजन नाही आणि रंगरूप म्हणाल तर ते मला दिलेले आहे, माझे नाही. पुढच्या हकिकतीसाठी एवढे मात्र ध्यानात ठेवा की मला स्वतःचे तोंड दिसत नाही. मी पडद्यावर अक्षरे लिहितो. ती समोरच्या माणसाला दिसली की नाही, हे कळण्याची कोणतीही सोय माझ्यात नाही.

मला डॉक्टरांच्या पुतणीने घडवले. ती तेव्हा कॉलेजात शिकत होती. डॉक्टरांकडे येणाऱ्या जनावरांची माहिती त्या काळी कार्डांवर असे आणि कार्डे बुटांच्या रिकाम्या खोक्यांत असत. मांजरीचे कार्ड हवे असले की ते नेमके शेळ्यांच्या खोक्यात सापडे. सुट्टीत आलेल्या पुतणीला हे पाहवले नाही. औषधांच्या फ्रिजशेजारी एक डुगडुगते टेबल होते. त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून ती मला लिहायला बसली. डॉक्टर तिला ‘शंकासूर’ म्हणत, कारण लहानपणापासून कोणी काहीही सांगितले तरी तिचा पहिला प्रश्न ‘कशावरून?’ असा असे. माझ्यातली प्रत्येक ओळ लिहिल्यावर तिने तो प्रश्न मलाही विचारला. एका ओळीच्या बाबतीत मात्र तो विचारायचा राहिला.

पडद्यावरचा प्रत्येक रंग तीन प्रकाशांच्या मिश्रणातून होतो: लाल, हिरवा आणि निळा. प्रत्येकाला शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत एक आकडा द्यायचा. तिन्ही शून्य असले की काळा, तिन्ही भरपूर असले की पांढरा. घडवणाऱ्याने काहीच सांगितले नाही, तर संगणक आपल्या पसंतीचे रंग वापरतो. पुतणीने माझे जवळजवळ सगळे रंग संगणकाच्याच पसंतीवर सोडले. त्यामुळे मी पांढऱ्यावर काळा, असा इतर चारचौघांसारखा दिसू लागलो.

एका ओळीला तिने स्वतः रंग दिला. एखाद्या जनावराला जे औषध सोसत नाही, त्याची ती ओळ. डॉक्टर सुई भरण्याआधी हीच ओळ बघत, म्हणून ती उठून दिसायला हवी होती. पुतणीने तिला भडक लाल केले. त्याच दिवशी मांजरीला घेऊन आलेल्या एका बाईंची नजर पडद्यावर गेली.

“अहो डॉक्टर, हे लाल कशाला? माझ्या मनीचं काही खरं नाही का?”

“तिचं सगळं खरं आहे. एक गोळी तिला चालत नाही, तेवढंच.”

“मग ती लाल का?”

बाईंची समजूत घालण्यात डॉक्टरांचा घसा कोरडा पडला आणि तेवढ्यात मांजर कपाटावर जाऊन बसली. तिला खाली उतरवल्यावर डॉक्टर पुतणीकडे आले. “शंकासूर, हा तुझा रंग ओरडतोय. मालक बिथरला की जनावर बिथरतं. मला कळेल आणि त्यांना टोचणार नाही, असा दे.”

डॉक्टरांची एक जुनी चामड्याची बॅग होती. मूळ तांबड्या रंगाची, पण वापरून वापरून इतकी गडद झालेली की सावलीत ती काळी वाटे आणि उजेडात धरली की आतला तांबडा वर येई. पुतणीने ती बॅग उचलून पडद्याला टेकवली आणि दोन्ही रंग जुळेपर्यंत आकडे कमीजास्त करत राहिली. शेवटी लाल थोडासा उरला, हिरवा आणि निळा शून्यावर आले. चहाचा कप घेऊन डॉक्टर मागे उभे राहिले, पडद्याकडे वाकून पाहिले आणि म्हणाले, “अगं, ही तर माझी बॅग!”

माझ्या आयुष्यात माझे इतके कौतुक पुन्हा झाले नाही. पुढची कित्येक वर्षे त्या गडद तांबड्या ओळीने किती कुत्री, किती शेळ्या आणि एक अतिशय चिडखोर पोपट चुकीच्या औषधापासून वाचवला असेल. कोणा मालकाला ती कधी टोचली नाही. डॉक्टर मला ‘आमचा मुनीम’ म्हणत. दवाखान्यातल्या मदतनीस ताई रोज सकाळी पडदा पुसत आणि बटण दाबण्याआधी, “ऊठ रे बाबा,” असे म्हणत. त्याचा माझ्या सुरू होण्याशी काही संबंध नाही, पण मला ते आवडत असे.

पुढे पुतणी नोकरीला लागली आणि तिचे येणे कमी झाले. माझी बटणे जुन्या घाटाची दिसू लागली. येणारे जाणारे म्हणत, “डॉक्टर, हे कुठल्या काळातलं?” डॉक्टर म्हणत, “माझ्याच. आम्ही दोघंही अजून चालतोय ना?” माझ्याकडे कोणी लक्ष देत नव्हते, कारण मी बिघडत नव्हतो. न बिघडणाऱ्या वस्तूच्या वाट्याला हेच येते. त्यात तक्रार करण्यासारखे काही नाही, असे मला तेव्हा वाटत होते.

मग जुन्या संगणकाने राम म्हटला. नवा आला. पुतणीने घाईघाईत एका सकाळी येऊन मला नव्या साधनांनी पुन्हा बांधले, नव्या यंत्रात बसवले, चार कार्डे उघडून पाहिली आणि दुपारची गाडी पकडली. दुकानाचा तंत्रज्ञ मागे थांबला होता. मोठा अगत्यशील माणूस. त्याने पडद्याची उंची डॉक्टरांच्या मानेला जमेल अशी केली, अक्षरे मोठी केली, आणि “डॉक्टरसाहेब, या वयात डोळ्यांना ताण नको,” असे म्हणत आणखी एक-दोन सोयी करून दिल्या. डॉक्टर खूश झाले. ताईंना ते सांगत, “संध्याकाळी हा पडदा शाळेतल्या फळ्यासारखा होतो. डोळे निवतात अगदी.”

एका संध्याकाळी गल्लीतला शिंपी आपल्या कुत्र्याला घेऊन आला. ताई तेव्हा घरी गेल्या होत्या. कुत्र्याचे नाव ढब्बू आणि आकार नावाला साजेसा. पंजात काच शिरून जखम चिघळली होती. डॉक्टरांनी त्याचे कार्ड उघडले, मी नेहमीप्रमाणे सर्व ओळी लिहिल्या. डॉक्टरांनी पडदा पाहिला, जखम धुतली आणि पेनिसिलिनची सुई भरली.

“डॉक्टर,” ढब्बूचे डोके मांडीवर दाबून धरत शिंपी म्हणाला, “मागच्या खेपेला याचं थोबाड फुगलं होतं आणि धाप लागली होती, ते औषध हे नव्हे ना?”

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिले. चष्मा वर करून पाहिले, खाली करून पाहिले. मग सुई बाजूला ठेवून त्यांनी दुसरे औषध काढले. ढब्बू शेपूट हलवत लंगडत घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी ताई येण्याआधीच तेच कार्ड उघडले. ‘पेनिसिलिन देऊ नये’ ही ओळ आपल्या जागी होती, तांबडी, स्वच्छ.

ते कोणाजवळ काही बोलले नाहीत. त्यांच्या वडिलांची दृष्टी उतारवयात गेली होती, त्यामुळे कारण शोधायला त्यांना लांब जावे लागले नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सारे ठीक असल्याचे सांगितले. पण ते जुने मित्र, म्हणून डॉक्टरांनी ते सांगणे धीर देण्यापुरते धरले. संध्याकाळी त्यांनी आणखी दोन कार्डे उघडून पाहिली. तांबडी ओळ तिथेही नव्हती. त्यानंतर दारावर पाटी लागली: संध्याकाळी दवाखाना बंद. कामावरून सुटून जनावरे आणणारी माणसे ती वाचून परत जाऊ लागली. आणि एके दिवशी डॉक्टर सुया, चिमटे, कात्र्या पुसून खोक्यात भरू लागले, तेव्हा ताईंनी पुतणीला फोन केला.

पुतणी आली ती थेट माझ्यासमोर येऊन बसली.

“तुला कोणी बोलावलं?” डॉक्टरांनी विचारले.

ताई फडके घेऊन खिडकी पुसू लागल्या. खिडकी आधीच स्वच्छ होती.

“काका, दवाखाना बंद करताय म्हणे.”

“ज्याला वाचता येत नाही, त्याने सुई हातात धरू नये. ढब्बू वाचला तो शिंप्यामुळे. पुढच्या वेळी शिंपी नसेल.”

“तुम्हाला वाचता येत नाही, हे कशावरून?”

“कशावरून काय? ओळ आहे आणि संध्याकाळी मला दिसत नाही.”

“वरची दिसते?”

“दिसते.”

“खालची?”

“तीही दिसते. आता उलटतपासणी पुरे.”

“म्हणजे तुमचे डोळे सकाळी बरे, संध्याकाळी अधू, आणि तेही मधल्या एकाच ओळीपुरते? असले डोळे मी तरी ऐकले नाहीत काका.”

“मी सांगते,” खिडकीजवळून ताई म्हणाल्या. “मशीनला दृष्ट लागलीय. नवं आलं तेव्हाच मी म्हटलं होतं, काळा ठिपका लावा.”

“ताई, लावू या. आधी मला बघू दे.”

तिने दुपारीच खिडकीचे पडदे ओढून खोली काळोखी केली आणि ढब्बूचे कार्ड उघडले. डॉक्टरांना ओळ दिसली. म्हणजे खोलीतल्या अंधाराचा दोष नव्हता. मग सगळे संध्याकाळची वाट पाहत बसले. ताईंनी चहा केला. पुतणीने खोक्यातली एक कात्री काढून पुन्हा कपाटात ठेवली. डॉक्टरांनी ते पाहिले, पण न पाहिल्यासारखे केले.

दिवस मावळला. पडदा फळ्यासारखा झाला. पुतणीने तेच कार्ड पुन्हा उघडले आणि नाक काचेला टेकेपर्यंत पुढे वाकली.

“काका, मलाही दिसत नाही.”

डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. “काय म्हणालीस?”

“मला दिसत नाही. ताई, तुम्हाला?”

“मला चष्म्याशिवाय तूसुद्धा दिसत नाहीस.” ताईंनी पिशवीतून चष्मा काढून लावला आणि बराच वेळ निरखून पाहिले. “इथे काही नाहीच. कोरं आहे.”

पुतणीने माउस हातात घेतला, त्या कोऱ्या जागेच्या सुरुवातीला बटण दाबले आणि दाबूनच शेवटापर्यंत ओढत नेले. ओढलेल्या भागावर निळी पट्टी उमटली आणि पट्टीवर पांढरी अक्षरे आली: पेनिसिलिन देऊ नये.

मग ताई हळूच म्हणाल्या, “इथेच होती की मेली!”

पुतणीने मला उघडले. स्वतःच लिहिलेली जुनी ओळ शोधली, वाचली, आणि कपाळावर हात मारून घेतला. मग संगणकाच्या मांडणीत जाऊन तंत्रज्ञाने करून दिलेली सोय पाहिली.

“म्हणजे माझे डोळे...” डॉक्टर म्हणाले.

“तुमचे डोळे ठीक आहेत. तुमच्या मित्राने खरं तेच सांगितलं होतं. चूक माझी आहे.”

डॉक्टरांनी चष्मा काढला, तो शर्टाच्या टोकाला पुसला आणि पुसतच राहिले. नंतर ते म्हणाले, “ताई, ती दारावरची पाटी काढा. आणि शिंप्याला सांगा, उद्या संध्याकाळी ढब्बूला आण. पंजा बघायचाय.”

“काढली,” ताई म्हणाल्या. त्या दाराशी पोहोचल्यादेखील होत्या.

“काका, या ओळीचा रंग बदलून पिवळा करू? तो काळ्यावरही दिसेल.”

“रंग राहू दे. मला त्याची सवय आहे. त्याच्यामागे कागद दे.”

पुतणीने त्या ओळीमागे फिकट, सायीच्या रंगाची एक पट्टी दिली आणि ती संगणकाच्या पसंतीवर सोडली नाही. मग तिने संगणकाचा पडदा हाताने उजळ केला, हाताने काळा केला, पुन्हा उजळ केला. प्रत्येक वेळी काकांना विचारले, “दिसतं?” आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांनी ती ओळ गरजेपेक्षा मोठ्या आवाजात वाचून दाखवली.

मित्रांनो, बिघडत नाही म्हणून ज्या वस्तूकडे तुम्ही पाहत नाही, तिच्या भोवतालचे जग बदललेले असू शकते. ती बदलत नाही, हाच तेव्हा तिचा बिघाड होतो. तेव्हा स्वतः घडवलेल्या वस्तूकडे अधूनमधून या, आणि ती ज्या उजेडात घडवली त्याहून वेगळ्या उजेडात एकदा पाहा. आम्हाला आमचे तोंड दिसत नाही. ते तुम्हीच पाहायचे असते. आणि एखाद्याला काही दिसेनासे झाले, तर त्याच्या डोळ्यांवर खापर फोडण्यापूर्वी त्याच्या शेजारी बसून तेच पाहून घ्या.

जाण्यापूर्वी पुतणीने माझ्या पोटात, दुरुस्त केलेल्या ओळीच्या वर, पुढे मला सांभाळणाऱ्यासाठी एक टीप लिहून ठेवली. अशा टिपा आम्ही चालवत नाही, नुसत्या बाळगतो. ती अशी:

‘इथे मी अक्षरांचा रंग ठरवला होता, मागचा रंग ठरवला नव्हता. नव्या संगणकावर, डोळ्यांना आराम म्हणून, सूर्यास्तानंतर मागचा रंग आपोआप काळा होतो. बाकीची अक्षरे त्याच्याबरोबर पांढरी होतात. ही होत नव्हती, कारण मी त्यांना गडद तांबडे राहायला सांगितले होते. काळ्यावर गडद तांबडे दिसत नाही.’