निवड झाल्याचा फोन

मधुकरराव गजभिये अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते, तेव्हा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. पलीकडचा माणूस स्वच्छ, नम्र मराठीत म्हणाला, "अपेक्षाचे वडील ना? सर, आधी तुमचं अभिनंदन करतो, मग बाकीचं बोलू."

मधुकररावांच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला.

त्या माणसानं नाव सांगितलं विवेक. धावपटूंसाठी काम करणाऱ्या कुठल्याशा राष्ट्रीय मंडळाकडून बोलतोय म्हणाला. अपेक्षानं विद्यापीठाच्या स्पर्धेत पाच हजार मीटरमध्ये रौप्यपदक मिळवलं होतं, हे त्याला ठाऊक होतं. "शेवटच्या फेरीत तिनं दोघींना मागे टाकलं ना, तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला, सर. अशी धाव शिकवून येत नाही. तुम्ही घरी काय खाऊ घालता तिला?"

मधुकरराव हसले. तिला लहानपणापासून ज्वारीची भाकर आवडते, हे त्यांनी सांगितलं. ती पाचवीत असताना शाळेतल्या मुलांनाही हरवायची, हेही सांगितलं. तो माणूस मध्ये एकदाही बोलला नाही, नुसता ऐकत राहिला. मग त्यानं खरी बातमी दिली. केनियातल्या डोंगरावर मोठं प्रशिक्षण शिबिर होतं. निवडलेली एक मुलगी जखमी झाली होती आणि तिच्या जागी अपेक्षाचं नाव पक्कं झालं होतं. फक्त आज दुपारपर्यंत नोंदणी व्हायला हवी होती.

"एक विनंती, सर. यादी जाहीर होईपर्यंत कुणाला बोलू नका. दुसरे पालक वशिले लावतात."

खापरखेड्याच्या वीजकेंद्रात मधुकररावांची उभी नोकरी कंट्रोल रूममध्ये गेली होती. पडद्यावरचा एखादा आकडा जरा हलला तरी ते दोनदा तपासल्याशिवाय पुढं जात नसत. निवृत्तीनंतरही गॅसचं बटण बंद आहे का, हे ते रोज झोपण्याआधी पाहायचे. पण या फोनवर तपासावं असं त्यांना काही वाटलंच नाही. पोरगी गुणी आहे, हे त्यांना वर्षानुवर्षं माहीत होतं. फक्त दुसऱ्या कुणी ते म्हणण्याची ते वाट पाहत होते.

नोंदणीचे पैसे त्यांनी तिथंच उभ्या उभ्या मोबाइलवरून पाठवले आणि ओरडतच घरात शिरले, "अवं वच्छला! पोरगी केनियाले चालली!"

वच्छलाबाईंच्या हातात कणीक होती. तशाच हातांनी त्यांनी नवऱ्याचे दोन्ही हात धरले. "खरं काय? माया अपेक्षाले घेतलं?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "तिथं थंडी असते काय हो? स्वेटर लागन ना?" माळ्यावरची सूटकेस खाली आली. तिची चेन अडकत होती, तर तिला मेण लावून झालं.

तेवढ्यात पुन्हा विवेकचा फोन. व्हिसा आणि प्रवासासाठी अनामत भरायची होती, शिबिर संपलं की परत मिळणारी. रक्कम मोठी होती, मोबाइलवरून जाणार नव्हती. "बँकेत जा, सर. फोन चालू ठेवा, मी तुमच्या सोबतच आहे. बँकेत विचारतील, पैसे कशाला हवेत. प्लॉट घेतोय म्हणून सांगा. ठेव मोडली की त्यांना आवडत नाही."

"आमच्या गोपाळरावचा अश्विन पण लई गुणी आहे बरं," मधुकरराव उत्साहात म्हणाले. "लांब उडी मारते."

"त्यांचंही नाव आलंय आमच्याकडं," विवेक म्हणाला.

कानात इअरफोन घालून मधुकरराव स्कूटरवर निघाले.

थोड्याच वेळात अपेक्षा मैदानावरून आली. बूटसुद्धा काढले नव्हते, तोच आईनं तिला मिठी मारली. ऐकून ती एकदम किंचाळली, आईला उचलून तिनं स्वयंपाकघरात गरकन फिरवलं. केनिया! जगातले सगळ्यात वेगवान लोक जिथं धावतात, तिथं ती धावणार होती. धापा टाकत तिनं पहिला फोन लावला तो आपल्या प्रशिक्षकांना, अंकुश सरांना.

"सर! माही निवड झाली!"

सगळं ऐकून सर म्हणाले, "कोणतं मंडळ म्हणाली? अपेक्षा, अशी निवड झाली असती तर मले आधी समजलं असतं. पैसे मांगतले काय?"

अपेक्षानं आईकडं पाहिलं. "आई, बाबा कुठं गेले?"

"बँकेत. अनामत भराले."

वडिलांचा फोन सारखा व्यस्त लागत होता. बँकेचा नंबर कुणीच उचलेना. स्कूटर वडिलांनी नेली होती. अपेक्षानं फोन मुठीत धरला आणि दार उघडं टाकून ती पळत सुटली.

नाक्यावर एक ऑटो मिळाला, पण पुढं कोळशाचे ट्रक एकामागे एक उभे होते. एक ट्रक आडवा फसला होता आणि सगळे हॉर्न वाजवत होते. "मॅडम, अब तो आधा घंटा समझो," ऑटोवाला म्हणाला. तिनं उडी मारली. ट्रकांच्या कडेनं, राखेच्या धुळीतून ती धावायला लागली. मैदानावर ती श्वास मोजून धावायची. आज कसलं मोजमाप नव्हतं. पोटात कळ आली, तरी ती थांबली नाही. सायकलवाले बाजूला झाले. भाजीवालीनं विचारलं, "काय झालं वं पोरी?" उत्तर द्यायला तिच्याजवळ हवाच नव्हती.

बँकेचं काचेचं दार तिनं दोन्ही हातांनी ढकललं. मधुकरराव काउंटरपाशी उभे होते. समोर बसलेली रोशनी नावाची तरुण कर्मचारी त्यांना विचारत होती, "काका, प्लॉट कुठं घेऊन राहिले तुम्ही?"

मुलीला पाहून मधुकररावांचा चेहरा फुलला. "हे पाहा, आलीच ती! विवेक सर, माही पोरगी आली! बोला तिच्याशी." आणि तिला काही म्हणायची सवड न देता त्यांनी इअरफोन तिच्या कानात घातला.

"अभिनंदन, अपेक्षा," तो आवाज म्हणाला. मऊ, खुश आवाज. "शेवटच्या फेरीतली तुझी धाव पाहिली मी. बॅग भरायला घे बेटा."

खोटं आहे, हे तिला माहीत होतं. तेच ओरडून सांगायला ती एवढी धावली होती. तरीही तिच्या छातीत काहीतरी उसळलं. सर चुकले असतील तर? क्षणभर तिला फोन ठेवावासाच वाटेना. मग कसंबसं तिनं विचारलं, "माह्या सरांशी बोलाल तुमी? अंकुश सरांशी?"

"आता वेळ नाही बेटा, जागा जाईल. बाबांना फोन दे."

तिनं फोन कापला.

"काहून कापला वं?" मधुकरराव बँकेत सगळ्यांसमोर ओरडले. आजवर ते तिच्यावर कधी ओरडले नव्हते. "जागा जाईन ना! जलते लोक आपल्यावर. तुया सरालेही देखवत नसन!"

"बाबा, खोटं आहे ते."

"त्यानं तुया व्हिडिओ पाहिला! सगळं माहीत होतं त्याले!"

"तो व्हिडिओ तं सगळ्यांनीच पाहिला, बाबा. मीच टाकला होता."

मधुकररावांनी हातातला ठेव मोडायचा अर्ज काउंटरवर ठेवला. फोन पुन्हा वाजायला लागला, पुन्हा पुन्हा. रोशनीनं काउंटरच्या बाहेर येऊन त्यांना खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं. "काका, याआधी काही पैसे पाठवले काय? किती वाजता? लवकर सांगा. लवकर केलं तर थांबवता येते." तिनं लगेच १९३० लावला, सायबर तक्रारीचा नंबर, आणि फोन मधुकररावांच्या हातात दिला. त्यांनी आपलं नाव आणि सकाळी पैसे पाठवल्याची वेळ सांगितली. नोंदणीच्या पैशांतले जे त्या माणसाच्या खात्यातून आधीच पुढं गेले होते, ते थोडे बुडाले. बाकीचे अडवले गेले, तसा संध्याकाळी संदेश आला. मोठी रक्कम तर गेलीच नव्हती.

घरी वच्छलाबाई म्हणाल्या, "जाऊ द्या. पोरगी वेळेवर पोचली ना. पण कोणाले सांगू नका, लोक हासतीन."

पण मधुकरराव उठून चपला घालायला लागले. "मी गोपाळरावचं नाव घेतलं होतं त्याच्याजवळ. त्याले फोन येण्याआधी सांगतो."

गोपाळराव दोन गल्ल्या सोडून राहायचे, वीजकेंद्रातलेच जुने सोबती. "जयभीम, मधुकरभाऊ," म्हणत त्यांनी दार उघडलं. मधुकररावांनी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. गोपाळरावांचा चेहरा पडत गेला. शेवटी ते ओट्यावर बसले.

"मले मागच्याच महिन्यात त्याचा फोन आला होता," ते हळूच म्हणाले. "अश्विनसाठी. मी तं सगळं भरलं गा. घरात फक्त मलेच माहीत आहे. आणि त्यानं विचारलं, आणखी कोणी गुणी पोरं आहेत काय... मी अपेक्षाचं नाव देल्लं. तुया नंबर मीच देल्ला."

मधुकररावांच्या हाताची मूठ वळली. "एक शब्द सांगितला असता तं!"

"कसा सांगू? सगळे म्हणतील, हा हुशार माणूस, याले पोरासोराइतकी अक्कल नाही." गोपाळरावांचे डोळे भरून आले. "तू आता काहून सांगून राहिला मले?"

मधुकररावांची मूठ सुटली. ते शेजारी ओट्यावर बसले आणि म्हणाले, "उद्या ठाण्यात जाऊ. तुही तक्रार लिहू. आणि त्याआधी सकाळी मैदानावर सगळ्याले सांगू. दोघं मिळून."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनीच्या मैदानावर पोरांना सोडायला आलेले आईबाप गोळा झाले होते. अंकुश सरांनी शिटी वाजवून सगळ्यांना जवळ बोलावलं. मधुकररावांनी आपली हकिगत सांगितली, पाण्याच्या पाइपापासून बँकेच्या खुर्चीपर्यंत. गोपाळरावांनी त्यांची सांगितली, खाली पाहत, पण पूर्ण सांगितली. अश्विन त्यांच्या मागं येऊन उभा राहिला.

गर्दीतून कुणीतरी विचारलं, "काका, तुमी एवढे शिकलेले. तरी कसे फसले?"

"तो माह्या पोरीची तारीफ करून राहिला होता," मधुकरराव म्हणाले. "मले वाटे, ऐकतच राहावं."

कुणी हसलं नाही. मागच्या बाजूला सिंधूताई उभ्या होत्या. त्यांची रिया नुकतीच गोळाफेकीत जिल्ह्यात पहिली आली होती. त्यांनी पर्समधून फोन काढला आणि गर्दीतून वाट काढत थेट पुढं आल्या.

"मले आत्ता, इथं यायच्या आधी आला," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "आधी अभिनंदनच केलं त्यानं. अकरा वाजता पुन्हा करतो म्हणाला. आता काय करू, सांगा."

"नंबर वाचा!" अपेक्षा पुढं झेपावली. एका दमात दहाबारा माणसं सिंधूताईंच्या भोवती जमली, आणि मधुकरराव खिशातून चष्मा काढत ओरडले, "थांबा, थांबा, मी १९३० लावतो!"