आजोळची शेड

माणसाला रंगावरून जोखू नये, हे भागोजी घरत यांचं तत्त्व होतं. ते त्यांनी नागावच्या ग्रामसभेत, दोन साखरपुड्यांत आणि एका शोकसभेत उभं राहून सांगितलं होतं. मग त्यांच्या मुलीने, प्रणालीने, दुबईच्या हॉटेलात सोबत काम करणाऱ्या कमाऊ नावाच्या केनियन मुलाशी लग्न केलं, आणि भागोजींनी ग्रामसभेला जाणं जरा कमी केलं.

लग्न नैरोबीत झालं. भागोजी गेले नाहीत. विरोध असा काही नव्हता. फक्त किहीमच्या एका बंगल्याचं बाहेरचं प्लास्टर ओलं होतं आणि ते तसं सोडून जाता येत नव्हतं. भागोजी रंगकामाचे कॉन्ट्रॅक्टर. मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत मुंबईकरांचे जे बंगले आहेत, त्यांतल्या बऱ्याच भिंतींवर त्यांचा हात फिरलाय. ते एक प्लास्टर मात्र दोन वर्षं वाळलं नाही. तेवढ्या काळात जावयाशी व्हिडिओ कॉलवर सहा वेळा बोलणं झालं. सहाही वेळा पावसावर.

प्रणाली बाळंतपणाला माहेरी आली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला अलिबागला तिला मुलगी झाली. नर्सने दुपट्यात गुंडाळलेलं बाळ भागोजींच्या हातात दिलं. बाळ चांगलं गुलाबी गोरं होतं. भागोजींनी तिथल्या तिथे फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आजोळचा रंग घेऊन आली.’ त्र्याऐंशी जणांनी हात जोडले.

घरी आल्यावर मालिशला चौलहून हुस्नबानू आली. ज्यांचे बाप मस्कतला नि कुवेतला आहेत अशा पोरांच्या दोन पिढ्या तिने पायांवर घेऊन चोळल्या होत्या. तिने बाळाचं तोंड पाहिलंच नाही. आधी कान मुडपून पाहिला, मग बोटं.

“भागोजीभाव, फोटो घाईत टाकलात.”

“का? काय झालं?”

“कान बगा. कानाची कड आन नखाच्या मुळाशी दिसतो ना, त्यो खरा रंग. बाकीचं अजून यायचं हाय. तीन-चार म्हयन्यांत पोर बापाकडं सरकंल.”

“किती सरकंल?”

“ते काय माज्या हातात हाय? मी तेल लावते. रंग लावायचा धंदा तुमचा.”

त्याच संध्याकाळी भागोजींनी जाहीर केलं की बारसं बरोबर बाराव्या दिवशी व्हायला पाहिजे, शास्त्र आहे. शास्त्राशी त्यांचा संबंध वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी भिंती पुऱ्या करण्यापुरताच होता, त्यामुळे सोनाबाईला, म्हणजे त्यांच्या बायकोला, संशय आला.

“आन कानात नाव कोण सांगणार? आत्या लागते. आत्या तर तिकडं.”

आत्या म्हणजे कमाऊची बहीण वांजिरू. ती केनियात नकुरू शहरात शाळेत शिकवते. तिला फेब्रुवारीशिवाय रजा नव्हती, आणि कमाऊनेही आपली सगळी रजा तेव्हाच घ्यायचं ठरवलं होतं.

“आपली क्रांती हाय ना शेजारी. तिला करू आत्या,” भागोजी म्हणाले.

“क्रांती तुमच्या चुलतभावाची सून. ती आत्या कशी व्हईल? उद्या म्हणाल, बाप पन शेजारचाच बघू.”

“आणि कमाऊ आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही,” प्रणालीने आतून सांगितलं. विषय संपला. बारसं फेब्रुवारीतल्या एका रविवारी ठरलं. भागोजींनी बोटांवर मोजलं. तीन महिने.

दीड महिन्याच्या लसीला बाळाला घेऊन ते मुद्दाम स्वतः गेले. बाळाच्या कमरेखाली निळसर डाग होता. तो मार लागल्याचा आहे असं धरून त्यांनी घरात दोन दिवस चौकशी चालवली होती. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, तो डाग म्हणजे जन्मखूण आहे, पुढे आपोआप फिका होईल.

“आन बाकीचा रंग?”

“तो गडद होईल. काका, रंग तयार करणाऱ्या पेशी जन्मापासून असतात, पण कामाला सावकाश लागतात. सहा महिने तरी धरून चाला. कधी वर्षही लागतं.”

भागोजींनी सरकारी विश्रामगृहाचं काम केलेलं होतं, त्यामुळे हे त्यांना लगेच समजलं. पटलं मात्र नाही.

मग रंगांच्या छटांचं शेडकार्ड निघालं. रोज सकाळी आठ वाजता, प्रणाली आंघोळीला गेली की, ते बाळाला पूर्वेच्या खिडकीत घ्यायचे आणि गालाशी कार्ड धरायचे. कुठलीही भिंत त्यांनी कधी दुसऱ्या उजेडात तपासली नव्हती. कार्ड निघालं त्या आठवड्यात बाळ ‘हस्तिदंत’ होतं. नाताळात पर्यटकांची गर्दी झाली तेव्हा ‘बदाम’. संक्रांतीला ‘मध’ ओलांडून ‘दालचिनी’कडे निघालं होतं. प्रत्येक शेडपुढे पेन्सिलने बारीक तारीख.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी प्रणाली टॉवेल विसरली म्हणून परत आली.

“बाबा, काय करताय?”

“काय न्हाय. उजेड बघतोय.”

“माझ्या पोरीला शेडकार्ड लावून?”

“अगं, ग्रुपवर फोटो गेलाय. दोनशे माणसं येतील. आजोळचा रंग कुठं गेला इचारतील. काय सांगू मी?”

प्रणालीने बाळ त्यांच्या हातातून घेतलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे भागोजी जास्त घाबरले.

“काही सांगू नका. मी कमाऊला नि वांजिरूला येऊ नका म्हणते आणि पोरीला घेऊन मीच जाते. बारसं तिकडे होईल. तुमचं प्लास्टर वाळलं की या.”

ती आत गेली. स्वयंपाकघरातून सोनाबाई बोलली, “तीस वर्षं गिऱ्हाइकाला सांगताय, ओला रंग बघून बोलू नका, वाळला की गडद होतो, दम धरा. आन घरच्या कामाला इसरलात?”

भागोजींनी कार्ड खिशात घातलं. हे वाक्य त्यांचंच होतं आणि एकाही गिऱ्हाइकाने त्यावर कधी वाद घातला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता प्रणालीने स्वतःच बाळ आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि आता कार्ड निघतं का ते बघत ती समोर बसली. कार्ड सवयीने खिशात होतं. भागोजींचा हात खिशाकडे गेला आणि तेवढ्यात बाळ हसलं. याआधी ते पंख्याकडे, कालनिर्णयाकडे आणि हुस्नबानूच्या बांगड्यांकडे बघून हसलेलं होतं. भागोजींकडे बघून पहिल्यांदाच. बोळकं उघडं टाकून, पायांपासून डोक्यापर्यंत.

“अगो बाय माझे,” भागोजी म्हणाले. मग बराच वेळ ते एवढंच म्हणत राहिले. चहा गार झाला. त्या दिवसाची तारीख कार्डावर नाही.

“तिकीट काढलंस?” त्यांनी शेवटी विचारलं.

“नाही अजून.”

“मग नको काढू. मांडव्याला त्यांना आणायला मी जातो.”

दुपारी त्यांनी ग्रुपवर नवा फोटो टाकला. खाली फक्त ‘आज हसली.’ एकाहत्तर जणांनी हात जोडले. बारा कमी झाले ते लग्नसराईमुळे, असं सोनाबाईचं मत पडलं.

मांडव्याच्या जेट्टीवर बोट लागली. कमाऊ उतरला, मागून वांजिरू. “नमस्कार, बाबा,” कमाऊ वाकून म्हणाला. भागोजींनी तीन दिवस खपून इंग्रजीत एक वाक्य बसवलं होतं. ते गेलं.

“रेन?” त्यांनी विचारलं.

“नो रेन,” कमाऊ म्हणाला.

दोघांनी आकाशाकडे पाहिलं. फेब्रुवारीत इथेही नव्हता. मग भागोजींनी फोन काढून हसण्याचा फोटो दाखवला. लेकीला कमाऊने रोज फोनवर पाहिलं होतं, तरी तो फोटो हातात धरून उभाच राहिला. मागचे लोक ओरडायला लागले तेव्हा त्याने डोळे पुसले आणि बॅग उचलली. तीच बॅग भागोजींनीही उचलली. बॅगेच्या एकाच मुठीवर दोन हात आले. जवळपास एकच शेड. भागोजींचा हात तीस वर्षं उन्हात बाहेरच्या भिंतींवर होता, आणि त्याच्यावर प्रायमरचे पांढरे ठिपके होते, एवढाच फरक.

बारशाला क्रांतीने वांजिरूला नऊवारी नेसवली. नाव सांगायला वांजिरू पाळण्यावर वाकली आणि रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. तिला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. तिने वळून क्रांतीला एक परत दिला. तेवढ्यावर ती सगळ्या बायकांना आवडली. मग तिने बाळाच्या कानात आपल्या आईचं नाव सांगितलं, न्जेरी. त्यांच्यात पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव ठेवतात.

भागोजी गळ्यापर्यंत बटणं लावून पाळण्याशी उभे होते. उत्तर तयार होतं : “पोर बापावर गेलीय, आन बाप चांगला हाय.” पहिल्या पाच जणांना त्यांनी ते कोणी न विचारताच ऐकवलं. सहावा थांबला नाही, मांडवाकडे गेला. त्याच्यामागून बाकीचेही गेले.

त्या बारशाबद्दल नागावात पुढे आठवडाभर बोलणं चाललं. रंगाचा विषय निघाला नाही. तिसऱ्या पंगतीला कोलंबी कमी पडली होती.