हिरवं बटण

चंद्रपूरच्या ऑफिसात बसून दिव्यानीने उभी केलेली यंत्रणा पडद्यावर तरी झकास दिसायची. जंगलाच्या कडेला कॅमेरे, कॅमेऱ्यापुढून वाघ गेला की गावातल्या सगळ्या मोबाइलवर संदेश, आणि संदेश पोचला की ऑफिसात खूण. पळसटोला या गावाच्या नावापुढे खुणाच खुणा होत्या. साहेब खूश, कंपनी खूश. वाघाला कोणी विचारलं नव्हतं.

थंडी सरत आली तेव्हा दिव्यानी पहिल्यांदा त्या गावात गेली. गावात रेंज नाही. रेंज येते ती गावाबाहेरच्या चिंचेवर, तीही फोन फांदीला टांगला तर. म्हणून अख्ख्या गावाचे फोन पिशव्यांत घालून चिंचेला लटकवलेले, आणि एका पायाने अधू झालेला मुखरू खाली राखण करत बसलेला. संध्याकाळी ज्याने त्याने आपापला फोन घेऊन जायचा. संदेश पोचत होते हे खोटं नव्हतं. ते चिंचेला पोचत होते.

मुखरूची बायको सुगंधाबाई दिव्यानीला घरी घेऊन गेली, भाजलेली मोहफुलं पुढ्यात ठेवली.

"मोहाच्या दिवसात आमी उजाडाच्या आंधीच रानात जातो पोरी," ती म्हणाली. "वाघ आला त आमाले कोन सांगन? ते झाड?"

दिव्यानी चिमूरची. मोह वेचणाऱ्या बाया तिने लहानपणापासून पाहिलेल्या. तिला स्वतःच्या हुशारीची लाज वाटली. "भोंगा लावून देते मावशी. रानापर्यंत आवाज जाईन असा. मोह गळाच्या आंधी."

साहेबांना भोंगा म्हणजे नसता खर्च वाटला. "सगळे संदेश पोचतात, मग कमी कुठे आहे? आकड्यात दाखव." दिव्यानीने आकड्यात दाखवायचं ठरवलं. संदेशाखाली तिने एक हिरवं बटण जोडलं, 'समजलं'. संदेश पाहिला की माणसाने ते दाबायचं. रानात गेलेली माणसं बटण दाबणार कुठून? आठवड्यात पळसटोल्याचा आकडा धाडकन खाली आला आणि ती आनंदाने कागद घेऊन साहेबांकडे गेली.

साहेबांनी कागद पाहिला आणि भलताच अर्थ काढला. गाव बेफिकीर आहे म्हणाले. जिथे लोक प्रतिसाद देतात तिथे कॅमेरे हलवू. तसा निरोपही गावाला गेला. दिव्यानी भांडली, पण तिथे तिचं ऐकतंय कोण!

गावाच्या समितीचा अध्यक्ष इसरू. त्याने माणसं जमवली आणि साधा तोडगा काढला. मुखरू चिंचेखाली बसूनच असतो. त्यानेच सगळ्यांची बटणं दाबायची. मुखरूला वाचता येत नव्हतं, पण हिरवं कोणालाही दिसतं. कॅमेऱ्यापुढून गाय गेली तरी संदेश यायचा, रानडुक्कर गेलं तरी यायचा, आणि मुखरू काठी टेकत उठून एकेक पिशवी खाली घ्यायचा, हिरवं दाबून परत टांगायचा. महिन्याभरात पळसटोला सगळ्या गावांत पहिला आला.

संध्याकाळी इसरू चिंचेपाशी आला तेव्हा दिव्यानीने त्याला फोनवर गाठलं. "भाऊ, हे काऊन करून राह्यले तुमी?"

"बाई, बटन तुमीच देल्लं. नाई दाबलं त कॅमेरे जाते. कॅमेरा असला त मांगून तरी कळते वाघ कुठी होता ते."

ती तडक साहेबांपुढे उभी राहिली. एकच माणूस सगळी बटणं दाबतो, सर. साहेब शांतपणे म्हणाले, "गाव प्रतिसाद देतंय. बटण कोण दाबतं हे आपण मोजत नाही." भोंग्याची फाइल बंद झाली, आणि मोह गळायला लागला.

चैत्रातल्या एका सकाळी चिंचेवरचे फोन वाजले. मुखरूने सगळ्यांची बटणं दाबली, बायकोचंही दाबलं. सुगंधाबाई तेव्हा नाल्याजवळच्या आपल्या मोहाखाली वाकून फुलं वेचत होती. दुपारी तिची टोपली सापडली, आणि थोड्या अंतरावर ती.

ऑफिसात साहेबांनी नोंद उघडली. सुगंधाबाई: समजलं. त्यांनी ती दिव्यानीला दाखवली. "म्हणजे सूचना कळूनही त्या तिथेच थांबल्या. आपल्या यंत्रणेची चूक नाही." दिव्यानी रागाने उठून बाहेर गेली. मेलेल्या बाईवरच आळ!

तेरवी झाल्यावर ती गावात गेली. मुखरू चिंचेखालीच बसला होता. ती त्याच्यापाशी मातीत बसली.

"मुखरूभाऊ, बटन तुमी दाबलं होतं, हे सांगाल का? मावशीवर खोटं लागून राह्यलं."

"सांगतो ना. मीच दाबलो. मंग भोंगा देतीन का?"

दिव्यानीने मनात दोन्ही हिशेब मांडून पाहिले. खरं सांगितलं तर गावाचा सगळा प्रतिसाद खोटा ठरणार होता आणि कॅमेरे जाणार होते. नाही सांगितलं तर आकडे उत्तम, मग भोंग्याची गरजच नव्हती. दोन्हीकडून गाव मरत होतं. ती मान खाली घालून रडली.

"नाई देत, हो ना?" मुखरू म्हणाला. "मले वाटलंच."

तेवढ्यात वरचे फोन वाजू लागले, एकामागून एक. मुखरूने सवयीने पहिली पिशवी काढली, बटण दाबलं. दिव्यानीने दुसरी ओढून घेतली आणि संदेश उघडून वाचला. वाघ, नाल्याजवळ. बरोबरचा फोटो स्पष्ट होता. गाय नव्हती.

"भाऊ, रानात कोन हाय आज?"

"सगळ्याच बाया गेल्या. आठ दिवसात मोह सरते. थांबून कसं जमन?"

ती उठली आणि चप्पल तिथेच टाकून नाल्याच्या दिशेने ओरडत पळत सुटली. शेताच्या धुऱ्यापर्यंत जाईतो तिचा घसा बसला. पुढे नुसतं रान होतं आणि आवाज परत येत होता.

चिंचेखाली मुखरूचं काम चालूच होतं. शेवटी त्याने सुगंधाबाईची पिशवी खाली घेतली. एकही फोन कमी झाला तर चंद्रपूरला दिसतं, असं इसरूने बजावून ठेवलं होतं. त्याने पदराच्या चिंधीत गुंडाळलेला तिचा फोन बाहेर काढला आणि हिरवं दाबलं.