पान एकशे बारा

शीतलनं आयुष्यात कधी संदर्भ चुकवला नव्हता. कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात लाल शाईनं पानाचा आकडा, आणि तोही दोनदा ताडून पाहिलेला, ही मार्गदर्शक देवव्रत सरांची शिस्त सात वर्षांत तिच्या हाडीमाशी खिळली होती. म्हणून सरांनी प्रबंधाच्या मसुद्यावर 'आकडा पुन्हा बघ' असा नेहमीचा शेरा मारला, तेव्हा तिला आधी हसूच आलं.

कादंबरी किशोरांसाठी लिहिलेली, इंग्रजीतली. दक्षिण सुदानमधलं पेटलेलं गाव मागे टाकून सीमेपलीकडच्या निर्वासितांच्या छावणीकडे चालत निघालेल्या सहा मुलांची. सर्वांत धाकटी अदुत पान एकशे बारावर नदीकाठी मरते आणि उरलेली पाच छावणीला पोचतात. तिच्या मरणानं कादंबरीला उंची आली, असं ज्यानं त्यानं लिहून ठेवलं होतं आणि शीतलला त्याची मनस्वी चीड यायची. पोरगी काय मांडवाची मेढ होती, खड्ड्यात रोवली की काम झालं!

मुलुंडच्या घरी खिडकीशी बसून तिनं ग्रंथालयाची प्रत उघडली. एकशे बारावर अदुत नदी ओलांडून पलीकडे बसली होती, कसलंसं मूळ चघळत. मरत होती ती एकशे एकतीसवर. आपलीच चूक, असं म्हणून शीतलनं कार्ड दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी एकशे एकतीसवर अदुत थोरल्या मुलाच्या पाठुंगळीवर झोपली होती. मरण सरकून एकशे अठ्ठावन्नवर गेलं होतं. शीतलनं चष्मा पुसला, पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. एकशे अठ्ठावन्नच.

हे तिनं फक्त आईला सांगितलं. द्रौपदी महापालिकेच्या शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेली. इंग्रजी येत नसलं तरी ही गोष्ट ती लेकीकडून रोज ऐकायची.

"मग आज कुठवर आली गं ती?" एवढंच तिनं विचारलं.

नामांतराच्या वेळी गावाकडची वस्ती पेटली, तेव्हा द्रौपदी बारा वर्षांची होती. काटेरी कुंपणातून धाकट्या बहिणीला, जानकीला ओढून काढताना तिच्या पायातला एक चांदीचा वाळा द्रौपदीच्या हातात निसटून आला आणि जानकी धुरात मागे राहिली. बापानं दुसऱ्या दिवशी सांगितलं, ती गेली. ते द्रौपदीनं कधीही मानलं नव्हतं.

"मरताना कुणी बघितलं का तिला? नाही ना?" ती आताही म्हणाली. "मग तू तरी लिहू नको."

गुरुवारी सरांनी केबिनमध्ये मसुदा पुढे सरकवला. अदुतच्या मरणाच्या वाक्याजागी शीतलनं आता मोकळी जागा सोडली होती. "उद्या माझ्या सहीनिशी गेला नाही, तर नोंदणी रद्द. सात वर्षं पाण्यात. एक वाक्य लिही, शीतल. अदुत मरते, पान एकशे बारा."

"नाही लिहिणार, सर."

"हट्ट कसला हा?"

"ती अजून चालतेय."

सरांनी सुस्कारा सोडून कपाटातली स्वतःची प्रत काढली. त्या वाक्याखाली त्यांनी कधीकाळी पट्टी लावून लाल रेघ मारली होती. पान उघडून ते बराच वेळ बघत राहिले. रेघ जागच्या जागी होती, सरळसोट. वर शब्द नव्हते. मग ते भराभर पानं उलटू लागले, घाबरलेल्या माणसासारखे.

"कुठाय ती?" त्यांनी हळूच विचारलं.

"सकाळी दोनशे एकवर होती. पुस्तक दोनशे चार पानांचं आहे."

सरांनी मसुद्यावर सही केली. "ते वाक्य आणि पान तूच भर," म्हणाले, आणि आपली प्रत त्यांनी तिच्याकडे ढकलली. त्यांना ती नको होती.

दुपारी द्रौपदी मेथी निवडत होती. शीतलनं शेवटचं पान उघडलं आणि मराठी करत मोठ्यानं वाचू लागली. छावणीच्या फाटकाशी कारकून मुलांची नावं लिहून घेतो. रांगेच्या शेवटी अदुत, धुळीनं माखलेली, पण उभी. तिच्यामागे अजून एक मुलगी. ही कोण, कारकून विचारतो. वाटेत भेटली, अदुत सांगते, हिची भाषा आम्हाला कळत नाही. ती मुलगी एक पाय पुढे करते. पायात चांदीचा वाळा असतो. दुसरा पाय मोकळा.

शीतलनं पुस्तकातून मान वर केली.

द्रौपदी उठली. कपाटातल्या डब्यातून तिनं वाळा आणला, उघड्या पानावर ठेवला आणि पुस्तक मिटून वर तळहात दाबून धरला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. कुणाशी तरी पैज जिंकल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

"वाच आता," ती म्हणाली.

शीतलनं पुस्तक उघडलं. वाळा नव्हता. तिनं वाचलं, आणि मसुदा पुढे ओढून मोकळ्या जागेत लाल शाईनं लिहिलं : दोघी पोचतात. पान दोनशे चार.

या वेळी आकडा तिनं ताडून पाहिला नाही.