आवाज कोणाच्या घरी गेला

दिवेलागण झाली की भगवंतरावांच्या टीव्हीची वाचा बसायची.

दिवसभर त्याला काही होत नसे. सकाळी तो भजनं म्हणे. दुपारच्या तेलुगू बातम्या तर इतक्या जोरात देई की ओसरीतल्या कोंबड्या उठून परसात जात. पण संध्याकाळी सातची मालिका लागली, थोरल्या जावेनं भांडायला तोंड उघडलं, की चित्र चालू आणि आवाज बंद. थोरली हात नाचवतेय, धाकटी पदर डोळ्याला लावतेय, आणि खोलीत ऐकू काय येतंय, तर भगवंतराव चहा पिताहेत ते.

बोथहून बाजारहत्नूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या या गावात भगवंतरावांनी उभा जन्म किराणा दुकान चालवलं होतं. आता दुकान पुतण्याच्या हवाली करून ते घरी बसले होते, म्हणजे घरातल्या एकेका वस्तूची चौकशी करत होते. टीव्ही त्यांचा मुलगा भूषण यानं हैदराबादहून दसऱ्याला आणून दिलेला. मागच्या भिंतीवर टांगलेला, पाटासारखा पातळ. नात मयूरीच्या बारशाला त्याच्यावरच पाळण्याची गाणी लावली होती. आवाज अंगणभर जावा म्हणून मागच्या शेतवाल्या उद्धवरावांचा स्पीकर मागून आणला होता, आणि बारसं झाल्यावर परतही केला होता. गावात मागून आणलेली वस्तू रिकामी परत करायची रीत नाही. भांडं असलं तर भांड्यात काहीतरी घालून द्यायचं. स्पीकरमध्ये काही घालता येईना, म्हणून तुळजाबाईंनी वर लाडवांची पुडी बांधून दिली होती.

तर आवाज जाण्याचं दुःख भगवंतरावांना फारसं नव्हतं. त्यांना कुतूहल होतं. दुःख होतं ते त्यांच्या पत्नीला.

तुळजाबाईंच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. टीव्हीकडे टक लावून बघायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हणून त्या काळा चष्मा लावून भिंतीला पाठ टेकून बसत आणि मालिका नुसती ऐकत. रोज सकाळी त्यांच्या ओट्यावर वाती वळायला गल्लीतल्या बाया जमत आणि तुळजाबाई आदल्या संध्याकाळचा भाग सांगत. ज्यांनी स्वतः पाहिलेला असे त्याही येत, कारण तुळजाबाई सांगत तो भाग टीव्हीवरच्यापेक्षा सरस असे. टीव्हीवर थोरली जाऊ नुसती रागावे. तुळजाबाईंच्या तोंडून ती अशी रागावे की वाती वळणाऱ्या बायांचे हात थांबत.

आवाज गेल्यावर दोन-तीन दिवस तुळजाबाईंनी अंदाजानं भागवलं. चष्म्याच्या कडेनं चोरून बघायचं आणि संवाद पदरचे घालायचे. मग एका सकाळी त्यांनी सांगितलं की धाकटी रडली, कारण नवऱ्यानं तिची पाटली मोडली. तेव्हा उद्धवरावांच्या रेणुकाबाई वात वळता वळता म्हणाल्या, "नाही वं बाई. ते रडली भावासाठी. थोरलीनं भावाची चिठ्ठी चुलीत घातली ना."

बायांच्या माना तुळजाबाईंकडं वळल्या.

"तुले काय ठाऊक?" तुळजाबाई म्हणाल्या. "तुह्या घरी टीव्ही कुठी हाय?"

प्रश्न रास्त होता. उद्धवरावांचा टीव्ही पावसाळ्यात विजेनं जळाला होता.

"मले ऐकू आलं," रेणुकाबाई म्हणाल्या, आणि गालातल्या गालात हसल्या.

दुसऱ्या दिवशी वाती वळायचं काम रेणुकाबाईंच्या अंगणात हललं. तुळजाबाईंच्या ओट्यावर त्या, कापूस आणि एक मांजर एवढेच उरले.

"आजच्या आज ह्याचं तोंड उघडा," त्यांनी टीव्हीकडं बोट केलं. "नाही तर तुमचं बंद करा. घरात दोघंही मुके बरे."

"शेजारी जाऊन ऐक ना तवरोक," भगवंतराव म्हणाले.

"अन् मंग सांगू काय? उसनं आणलेलं?"

भगवंतरावांनी भूषणला फोन लावला. भूषण म्हणाला, "बाबा, बंद करून चालू करा."

"केला."

"मंग पुन्हा एकदा करा."

"एवढं शिकून हेच शिकला का रे तू?"

बोथहून मेकॅनिक आला. तो आला भरदुपारी, तेव्हा टीव्ही खणखणीत बोलत होता. "चाचा, फर्स्टक्लास है," असं म्हणून आणि चहा घेऊन तो गेला. संध्याकाळी टीव्ही पुन्हा मौनात गेला. पुतण्याच्या मते रिमोटचे सेल उतरले होते. समोरच्या नागनाथच्या मते हे थंडीनं होतं, त्याच्या म्हशीचंही असंच झालं होतं.

शेवटी भूषणनं फोनवर एकेक बटण सांगत वडिलांना टीव्हीच्या पोटात खोल कुठंतरी नेलं. तिथं लिहिलेलं भगवंतरावांनी मोठ्यानं वाचलं. आवाज ब्लूटूथवर. स्पीकर जोडलेला आहे.

"झालं तर!" भूषण म्हणाला. "आवाज बंद नाही पडला, बाबा. दुसऱ्या कोणाच्या तरी स्पीकरमधी जाऊन राह्यला. बिनातारेचा. त्याले काढून टाका, खाली बटन हाय."

भगवंतरावांचा अंगठा बटणापर्यंत गेला आणि थांबला.

दुकानदारीत ते एक गोष्ट पक्की शिकले होते. माल नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी घरी जातो. गुळाची ढेप कमी भरली की ते ओरडत नसत, कोणाच्या घरी पुरणाचा वास येतो ते बघत गल्लीतून एक चक्कर मारत. आता बटण दाबलं असतं तर आवाज परत आला असता, पण तो कोणाच्या घरी गेला होता हे जन्मात कळलं नसतं.

"किती लांब जाते रे हे ब्लूटूथ?"

"लय नाही. दोन भिंतींच्या पल्याड गेलं तरी खूप."

भगवंतरावांनी मफलर गुंडाळला.

"आवो, बटन दाबा ना!" तुळजाबाई म्हणाल्या. "मालिका सुरू झाली. आज थोरली तिजोरीची चावी देणार हाय."

"आलोच."

"आवाज आना आदी. चोर मंग पकडा!"

पण भगवंतराव बाहेर पडले होते. थंडी मी म्हणत होती. घराघरांची दारं बंद, आणि दारामागून सगळीकडं तीच थोरली जाऊ ओरडत होती. घरात बसून तिचा आवाज कानावर आला असता तरी तो शेजाऱ्याच्या टीव्हीचाच वाटला असता. चोरी पकडायला याहून वाईट वेळ नव्हती. भगवंतरावांनी नागनाथच्या खिडकीला कान लावला. आतून नागनाथ म्हणाला, "भगवंतराव, आत या ना, काऊन खिडकीला चिकटून राह्यले?"

"तुहा टीव्ही आहे ना हा? तुह्याच टीव्हीचा आवाज?"

"मंग काय म्हशीचा?"

भगवंतराव परत फिरले, आणि तिथंच त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रेणुकाबाई. घरी टीव्ही नाही आणि चिठ्ठी चुलीत गेलेली ठाऊक. ती दिवेलागणीला असते कुठं? शेतात. ज्वारी दाण्यावर आली होती आणि रानडुकरांच्या भीतीनं नवरा-बायको दोघं माळ्यावर राखण करत. आणि ते शेत सुरू होत होतं भगवंतरावांच्याच मागच्या भिंतीपासून.

ते परसातून, कुंपणाची काटेरी फांदी बाजूला सारून, शेतात उतरले. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. चार पावलं आत गेले असतील, तोच काळोखातून एक बाई कडाडली, "या घरातून एक दाणा बाहेर गेला तर याद राख!"

भगवंतरावांनी आपसूक दोन्ही हात वर केले.

मग त्यांनी वर पाहिलं. खांबाला बांधलेला, जंगलाकडं तोंड केलेला, ओळखीचा स्पीकर. त्याच्या दांडीला अजून त्यांच्या घरच्या लाडवांच्या पुडीचा दोरा होता.

"कोन हाय?" माळ्यावरून बॅटरीचा झोत आला. "अरे, भगवंतराव! खाली करा हात. ते तुमाले नाही म्हनून राह्यली, डुकरायले म्हनते."

"उद्धवराव, हे काय लावलं तुमी?"

"भारतनं पाठवलं," उद्धवराव अभिमानानं म्हणाले. भारत म्हणजे त्यांचा निजामाबादला नोकरी करणारा मुलगा. "पहिले पेनड्राइव्हमधी वाघाचा आवाज होता. डुकरं चार दिवस भेले. पाचव्या दिवशी वाघाच्या खाली बसूनच खाऊ लागले. मंग दहिवरानं पेनड्राइव्ह बिघडला. म्या भारतले म्हनलं, नवीन आवाज पाठव. त्यानं कसा पाठवला ठाऊक नाही, पन एक दिवस स्पीकर चालू केला तं हे बाई सुरू! त्या दिवसापासून एक डुकर शेतात नाही. रोज नवीन बोलते, भगवंतराव. वाघ तं तेच तेच करे."

रेणुकाबाई घोंगडीत तोंड लपवून हसत होत्या.

"तुले ठाऊक होतं!" भगवंतराव म्हणाले.

"मले फक्त मालिका ठाऊक होती, दादा. कोनाची हाय ते म्या इचारलं नाही. शेतात आलेलं कोनी परत पाठवते का?"

भगवंतरावांना सगळं कळलं आणि मनापासून आनंद झाला. "उद्धवराव, बारशाले म्या स्पीकर नेला होता ना? टीव्हीनं तवाच ह्याची ओळख धरून ठेवली. तुमी संध्याकाळी चालू करता, का हा माह्या टीव्हीतला आवाज ओढून घेते. रिकामा नाही परत केला म्या. टीव्ही भरून देल्ला!"

उद्धवरावांचा चेहरा मात्र पडला. "मंग आता तुमी ते तोडून टाकसान?"

भगवंतराव उत्तर देणार, तोच मागून ज्वारीची ताटं सळसळली. काळा चष्मा, शाल, हातात काठी. तुळजाबाई आवाजाच्या रोखानं चालत आल्या होत्या. डुक्कर समजून उद्धवरावांनी उचललेला दगड हळूच खाली ठेवला.

"कोनी बोलू नका," तुळजाबाई म्हणाल्या. "चावी देऊन राह्यली."

चौघांनीही स्पीकरकडं कान लावले. थोरलीनं चावी कमरेला खोचली की दिली हे कळायच्या आत भाग संपला आणि साबणाची जाहिरात लागली.

मग तुळजाबाई बोलल्या. "आवाज माह्या घरी येईन. उद्यापासून."

"वहिनी, ज्वारी जाईन वो! आठ-पंधरा दिवसाचा खेळ हाय. डुकरायले याच बाईचं भेव हाय."

"त्या बाईचं?" तुळजाबाईंनी काठी आपटली. "ते बाई सातले येते अन् साडेसातले जाते. अन् बोलते काय, कापसासारखं! म्या सांगतो तवा खरी थोरली जाऊ समजते. इचार रेणुकेले."

रेणुकाबाईंनी घोंगडीतून मान हलवली. एवढं मात्र त्या नाकारू शकत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवंतरावांनी बटण दाबून स्पीकर सोडवला, आणि टीव्ही संध्याकाळी घरीच बोलला. तो भाग तुळजाबाईंनी डोळे मिटून ऐकला. मग भगवंतरावांचा जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून, तो समोर धरून त्यांनी भाग सांगितला, थोरलीच्या आवाजात, धाकटीच्या आवाजात, आणि मध्ये मध्ये स्वतःच्या नवऱ्याला जे बोलायचं राहून गेलं होतं तेही त्यात घातलं. रात्रभर पुन्हा पुन्हा वाजावा म्हणून भगवंतरावांनी तो मोबाइल स्पीकरला जोडून खांबाला बांधला. या खेपेला वस्तू काय भरून दिली हे त्यांनी नीट तपासलं.

गल्लीतल्या बाया आपापल्या अंगणात शेकोटीशी बसून ऐकू लागल्या. पण तुळजाबाई दुकानदाराच्या घरच्या होत्या. शेतातली गोष्ट त्या ऐन चावीपाशी तोडत. पुढचं ऐकायचं तर सकाळी ओट्यावर यायचं. दोन दिवसांत ओटा पुन्हा भरला. पहिल्या वातीला हजर कोण, तर रेणुकाबाई, आणि त्यांच्यामागं डोक्याला टॉवेल गुंडाळून उद्धवराव. "मी असाच आलो," ते म्हणाले. "पन वहिनी, चावी देल्ली का नाही?"

डुकरं शेतात आली नाहीत. का आली नाहीत, हे भगवंतरावांना स्वस्थ बसू देईना. एका पहाटे ते बांधापर्यंत जाऊन आले. चहा घेता घेता म्हणाले, "तुहे ऐकनारे वाढले."

"कोन?" तुळजाबाईंनी विचारलं.

भगवंतरावांनी बशी खाली ठेवली. बांधाच्या पलीकडं ओल्या मातीत खुरांचे ठसे होते, दाटीवाटीनं, स्पीकरकडं तोंड केलेले. एकही ठसा बांधाच्या अलीकडं नव्हता. आणि मधली माती जागोजागी दबलेली होती, कोणी बराच वेळ बैठक मारून बसावं तशी.

"बाहेरगावचे हायेत," भगवंतराव म्हणाले. "लाजतेत. ओट्यावर येनार नाहीत."