रॉसच्या नावाचे पाकीट

ऑक्टोबरच्या मध्यावर नेल्डा ब्रिकरच्या टपालपेटीत दोन पाकिटे एकदम आली. एक तिच्या नावाचे, दुसरे तिच्या नवऱ्याच्या, रॉसच्या. रॉसला जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. सप्टेंबर सरताना, कांद्याची काढणी चालू असताना, तो शेडमध्ये बसल्या बसल्या गेला. मतदारयादी त्याआधीच तयार झाली असणार. त्यात कुणाचा दोष काढायचा?

आमच्या ओरेगॉनमध्ये मत द्यायला कुठे जावे लागत नाही. मतपत्रिका पोस्टाने घरी येते. माणूस जेवणाच्या टेबलाशी बसतो, पेनाने गोल काळे करतो, पाकिटावर सही करतो आणि पेटीत टाकतो. सोयीचे आहे, नाही कोण म्हणतो! पण पूर्वी शाळेच्या हॉलमध्ये रांग लागायची, चार माणसे भेटायची, कुणाचे गुडघे कसे आहेत ते कळायचे. ते गेले. आणि आता टेबलाशी शेजारी बसून कोण काय सांगतो, हे बघायला घरात कुणी अधिकारी नसतो.

ब्रिकरांच्या घरात रॉस सांगायचा. रविवारी दुपारी ताटे उचलली की तो चष्मा चढवून बसायचा. "गव्हर्नरला हा. आमदारकीला तो. मागच्या पानावरचं सगळं नाही." मागच्या पानावर प्रस्ताव असत: कुठला कायदा बदलायचा, शाळेला कर द्यायचा का, पाण्याचे काय करायचे. रॉसच्या मते ते सगळे खिशात हात घालण्याचे धंदे. नेल्डा मुकाट्याने गोल काळे करायची. लग्न झाल्यापासून त्या घरात मतपत्रिका दोन आणि मत एक.

रॉस दांडगट नव्हता, हेही सांगितले पाहिजे. थंडीत तिची गाडी तो आधी जाऊन गरम करून ठेवायचा. मताचेही त्याला तसेच वाटायचे, बायकोचा तेवढाच त्रास वाचला. तिलाही तसेच वाटायचे. वाचकहो, अशी घरे तुम्हीही पाहिली असतील. कदाचित अशाच एका घरात बसून तुम्ही हे वाचत असाल.

त्या रविवारी नेल्डाने ताट धुऊन ठेवले, टेबल पुसले आणि दोन्ही पाकिटे समोर घेतली. रॉसचे आधी उघडले. त्याला काय हवे ते तिला पाठच होते. हात भराभर चालला. गव्हर्नर, आमदार, मग पान उलटून नाही, नाही, नाही. रॉस शेजारी बसून सांगतो आहे असेच तिला वाटत होते. त्या सबंध महिन्यात तिला घर रिकामे वाटले नाही ते फक्त या अर्ध्या तासात.

मग तिने स्वतःची मतपत्रिका पुढे ओढली आणि थांबली. कुणीतरी सांगेल म्हणून ती चक्क वाट बघत होती. गव्हर्नर कोण व्हावा असे आपल्याला वाटते? साऱ्या आयुष्यात हा प्रश्न तिने स्वतःला विचारलाच नव्हता.

शेवटच्या ओळीवर मात्र तिला अडावे लागले नाही. गावच्या वाचनालयासाठी थोडा कर द्यावा की नाही, एवढेच तिथे विचारले होते. मागच्या निवडणुकीत हाच प्रस्ताव पडला होता. ब्रिकरांच्या घरातून तेव्हा दोन नकार गेले होते. त्यानंतर वाचनालय आठवड्यातून दोनच दिवस उघडू लागले, आणि आता पुन्हा पडला तर नव्या वर्षात दाराला कुलूप लागणार होते. दर गुरुवारी तिथे खिडकीपाशी म्हाताऱ्या बायका गोधड्या शिवत बसतात. रॉस गेल्यापासून नेल्डाला तिच्या नावाने हाक ऐकू यायची ती तिथेच. बाकी आठवडाभर रेडिओ आणि मांजर. मुलगी जोआन सिअ‍ॅटलला असते, रविवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा, तेवढाच.

नेल्डाने 'होय'चा गोल काळा केला. शेजारीच रॉसची मतपत्रिका पडली होती. त्याच ओळीवर 'नाही', तिनेच काळे केलेले. एका टेबलावरून एक होय आणि एक नाही, म्हणजे हिशेब शून्य. आपण आपल्याच तोंडावर हात ठेवला आहे, हे तिच्या लक्षात आले. पण तो कागद फेकायला मन होईना. फेकला तर रॉस दुसऱ्यांदा जाणार होता. आणि पाठवायचा तर पाकिटावर रॉसची सही हवी. ती तिला हुबेहूब येत होती. नाताळच्या शुभेच्छापत्रांवर दरवर्षी तीच करायची. त्या दिवशी मात्र तिने काहीच केले नाही. स्वतःचा कागद तसाच अर्धा ठेवला आणि दोन्ही पाकिटे पिशवीत घातली.

गुरुवारी वाचनालयात गोधडी शिवताना तिने सगळे शेजारच्या इडा कुवाहाराला सांगितले. इडाने ऐंशी ओलांडलेली. जन्म कांद्याच्या शेतात गेलेला, नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली आणि जिभेला धार. तिने सुईवरची नजर काढली नाही.

"सही करणार आहेस त्याची?"

"येते मला."

"येते ते ठाऊक आहे. गुन्हा आहे तो, बाई. तुरुंगात गोधड्या शिवू देतात का, ते विचारून ठेव आधी."

एरवी नेल्डा हसली असती. आज तिचे डोळे भरले. "तो कागद टाकला ना, की त्या घरात त्याचं बोलणं संपलं गं. भरत होते तेव्हा तो बोलत होता माझ्याशी."

इडाने सुई कापडात खोचून ठेवली आणि आपल्या आईवडिलांची गोष्ट काढली. दोघे जपानहून आलेले. या मातीत राबून म्हातारे व्हायला आले, पण या देशाचे नागरिक होण्याची त्यांना परवानगी नव्हती, कायदाच तसा होता. तो बदलला तेव्हा वडिलांचे केस पांढरे झाले होते. पहिल्या मतदानाला वडील ठेवणीतला कोट घालून गेले. इडा तेव्हा शाळेत होती, गाडीत मागे बसली होती.

"परत येताना बाबांनी आईला विचारलं, कुणाला दिलंस? आई म्हणाली, सांगणार नाही. बाबा इतके चिडले की कितीतरी दिवस जेवताना बोलले नाहीत. तरी तिने सांगितलं नाही. मरेपर्यंत नाही. मला तेव्हा आईचाच राग आला होता. काय अडलं होतं सांगायला? आता कळतं. शेत बाबांचं, गाडी बाबांची, आडनाव बाबांचं. घरात तेवढी एकच वस्तू तिची होती."

नेल्डाने हातातले कापड मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "पण मला माझं मतच ठाऊक नाही. रॉसला सगळं ठाऊक असायचं."

"एका ओळीवर तर ठाऊक आहे ना? मग तिथून सुरुवात कर. बाकीचं वाच. वाचनालयात बसली आहेस, आणखी कुठे जाणार वाचायला?" इडाचा आवाज जरा खाली आला. "हे बघ, रॉसने आपली मतं दिली, आयुष्यभर दिली. त्याची पाळी झाली. आता त्या कागदावर बोलते आहे ती तू. तो 'नाही' रॉसचा नाही, नेल्डा. तुझाच आहे."

तो शब्द नेल्डाच्या वर्मी लागला. खरेच होते ते! रॉसला धरून ठेवण्याच्या नादात ती त्याच्या नावाने स्वतःच बोलत होती, आणि स्वतःच्या नावाने बोलायची तिला भीती वाटत होती.

दुपारभर ती मतदारांची पुस्तिका घेऊन खिडकीशी बसली. दोन्ही बाजूंचे म्हणणे वाचले, काही पाने दोनदा वाचली. गव्हर्नरच्या बाबतीत रॉसचेच बरोबर वाटले, तिथे तिने त्याच्याच पक्षाचा गोल काळा केला. पाण्याच्या प्रस्तावावर तिला रॉसचे पटले नाही. एकदा तर तिने त्याच्याशी मनातल्या मनात भांडणही केले, जिवंतपणी कधी केले नव्हते तसे. मग स्वतःच्या पाकिटावर स्वतःची सही केली.

कोर्टाच्या इमारतीत निवडणुकीच्या खिडकीशी एक तरुण बाई बसली होती. नेल्डाने रॉसचे पाकीट पुढे सरकवले.

"हे माझ्या नवऱ्याचं. तो वारला."

हे शब्द तिने मोठ्याने पहिल्यांदाच उच्चारले. आतली पत्रिका आपणच भरली आहे, हेही तिने सांगून टाकले. बाईने पाकीट उलटून पाहिले.

"सही नाही ना केलीत? मग काळजी करू नका. सही नाही तर ते मत नाही, नुसता कागद आहे." तिने पाकिटावर 'मृत' असे लिहिले, आणि मान वर करून म्हणाली, "वाईट वाटलं ऐकून."

बाहेर येऊन नेल्डाने आपले पाकीट पेटीत टाकले. आत पडल्याचा बारीकसा आवाज झाला. घरी गेली तेव्हा रॉसची खुर्ची रिकामीच होती, आणि ती आता रिकामीच राहणार होती. त्या संध्याकाळी ती खूप रडली.

नोव्हेंबरात निकाल लागला. वाचनालयाचा प्रस्ताव काठावर का होईना, तरला. तिचा गव्हर्नर मात्र पडला. तिला वाईट वाटले. पण ते वाईट वाटणेही या वेळी तिचे स्वतःचे होते.

नागरिकहो, ज्यांच्यावर आपला जीव आहे त्यांच्यासाठी आपण पुष्कळ काही करावे. त्यांचे ऐकावे, त्यांच्याशी वाद घालावा. पण आपले मत त्यांच्या हाती देऊ नये, आणि त्यांचे आपल्या हाती घेऊ नये. प्रेमापोटीसुद्धा नाही. ज्या घरात दोन माणसे आहेत त्या घरात दोन मते असू द्या. एक माणूस गेले, तर उरलेल्याला निदान स्वतःचा आवाज तरी ओळखीचा असेल.

निकालानंतरच्या रविवारी जोआनचा फोन आला. इकडचे तिकडचे झाल्यावर तिने सहज विचारले, "आई, या वेळी मत कुणाला दिलंस गं? बाबांच्याच माणसाला ना?"

नेल्डाने रिकाम्या खुर्चीकडे पाहिले.

"सांगणार नाही," ती म्हणाली.